दीर्घायुषी विद्युतघटाचा ध्यास : थॉमस अल्वा एडिसन

थॉमस अल्वा एडिसन हे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर विजेचा दिवा उभा राहतो. काहींना फोनोग्राफ आठवतो, तर काहींना चलच्चित्रपट. परंतु या संशोधकाच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ, सर्वांत खर्चिक आणि कदाचित सर्वांत कष्टाचे काम दिव्याचे नव्हते. ते होते पुन्हा पुन्हा भारित करता येईल, आणि तरीही वर्षानुवर्षे थकणार नाही, अशा विद्युतघटाचे. या एका कामासाठी त्यांनी सुमारे दहा वर्षे वेचली. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी इन्व्हर्टर असतो, हाती मोबाइल असतो, कोणाकडे लॅपटॉप असतो, तर कोणाच्या उपजीविकेचे साधन असलेली रिक्षाच विजेवर चालते. या साऱ्यांची बॅटरी वर्ष-दोन वर्षांत अशक्त का होते आणि तिचे आयुष्य कसे वाढवावे, हा प्रश्न आपल्याला पडतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तोच प्रश्न एडिसन यांना पडला होता.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या लहानशा गावी झाला. सात भावंडांत ते धाकटे. शाळेत ते फार काळ रमले नाहीत. त्यांची आई नॅन्सी हिने त्यांना घरीच शिकवले. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगा रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. त्याच गाडीच्या एका डब्यात त्याने आपली छोटीशी प्रयोगशाळा थाटली होती. लहानपणीच त्याला कमी ऐकू येऊ लागले आणि हे बहिरेपण आयुष्यभर सोबतीला राहिले. पुढे तो तारयंत्र चालवण्यास शिकला. तारघरांत त्या काळी विद्युतघटांवरच सारा कारभार चाले. काचेची भांडी, त्यांतील आम्ल, हळूहळू झिजणारे धातू यांच्याशी एडिसन यांची ओळख झाली ती अशी, पोटासाठी काम करताना.

त्यानंतरची कथा सर्वपरिचित आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभी राहिली, १८७७ मध्ये फोनोग्राफ आला, १८७९ मध्ये दीर्घकाळ जळणारा विजेचा दिवा तयार झाला आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील वीजकेंद्र सुरू झाले. मात्र याच काळात त्यांचे संचायक घटांविषयीचे मत फारसे चांगले नव्हते. १८८३ च्या सुमारास तर त्यांनी या घटांचा व्यवसाय म्हणजे भाबड्या भागधारकांना फसवण्याचे साधन आहे, असा उघड शेरा मारला होता. ज्या वस्तूला त्यांनी असे हिणवले, तिच्याच पायी त्यांनी पुढे दहा वर्षे घालवावीत, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

एडिसन यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. पुन्हा भारित करता येणारा पहिला व्यवहारोपयोगी घट फ्रान्समधील गॅस्टन प्लँटे यांनी १८५९ मध्ये तयार केला होता. शिशाच्या दोन पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून त्यांनी तो बनवला. आज मोटारीत आणि इन्व्हर्टरमध्ये आपण जी जड बॅटरी पाहतो, ती त्याच घटाची वंशज. हा घट वीज देतो तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण तयार होतात, आणि तो पुन्हा भारित केला की ते कण नाहीसे होतात. परंतु रिकामा झालेला घट तसाच पडून राहिला, तर ते बारीक कण वाढून टणक स्फटिक बनतात. मग कितीही वीज दिली तरी ते पूर्णपणे विरघळत नाहीत. शिवाय प्रत्येक फेरीत पट्टीवरील द्रव्य फुगते आणि आक्रसते. त्यामुळे त्याचे कण सुटून तळाशी चिखलासारखे साचतात. हा चिखल वाढत वाढत पट्ट्यांना टेकला की घट आतल्या आतच खलास होतो. त्यात आम्ल स्वतः शिशाच्या जाळीला कुरतडत असते ते वेगळेच. म्हणून या बॅटरीचे आयुष्य वाढवायचे असेल तर ती पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, रिकामी झाल्यास ताबडतोब भारित करावी, त्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे आणि तिला उन्हाच्या तापापासून जपावे, हे नियम तेव्हाही होते आणि आजही आहेत. लोक ते तेव्हाही पाळत नसत.

एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर घोड्याशिवाय धावणाऱ्या गाड्या दिसू लागल्या होत्या. १९०० सालच्या गणनेनुसार त्या देशात तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी १,५७५ मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या; पेट्रोलच्या मोटारी हजारही नव्हत्या. उरलेल्या वाफेवर चालत. विजेची गाडी शांत होती, तिला धूर नव्हता आणि ती सुरू करण्यासाठी जड दांडा फिरवावा लागत नसे. तिचा एकच वैरी होता, तो म्हणजे तिच्या पोटातील शिशाची बॅटरी. ती अतिशय जड असे, रस्त्यावरील धक्क्यांनी खिळखिळी होई आणि अल्पावधीतच बदलावी लागे. गाडीवानाला घोडा परवडे. बॅटरी परवडत नसे.

१८९९ च्या सुमारास, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एडिसन या प्रश्नाकडे वळले. त्या वेळी त्यांची मनःस्थिती काय असेल याची कल्पना करता येते. विजेच्या व्यवसायातून ते बाहेर पडले होते. एकदिश प्रवाहाचा त्यांचा आग्रह प्रत्यावर्ती प्रवाहापुढे टिकला नव्हता. त्यानंतर न्यू जर्सीतील डोंगर फोडून चुंबकाच्या साहाय्याने लोहखनिज वेगळे करण्याच्या उद्योगात त्यांनी आपली प्रचंड संपत्ती ओतली आणि तीही बुडाली. अशा वेळी दुसरा कोणी निवृत्त झाला असता. एडिसन यांनी वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेत नव्या कामाचे टेबल मांडले.

त्यांचा विचार मुळाला हात घालणारा होता. शिशाच्या घटाची निगा कशी राखावी, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. ज्याच्या स्वभावातच झीज आहे त्याची डागडुजी करण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटले. आम्ल धातूला खाते. म्हणून आम्लच नको, त्याऐवजी अल्कली घ्यावी. अल्कलीच्या विद्रावात लोखंड गंजत नाही, त्यामुळे घटाचे भांडेही पोलादाचे करता येईल आणि ते धक्के सोसेल. मात्र अशा विद्रावात वीज साठवून ठेवतील, आणि तरीही विरघळून जाणार नाहीत, असे दोन पदार्थ शोधणे आवश्यक होते. तांबे, कॅडमिअम अशा अनेक पदार्थांवर प्रयोग झाले. अखेर ऋण बाजूस लोखंड, धन बाजूस निकेलचे संयुग आणि मध्ये पोटॅशिअम हायड्रॉक्साइडचा विद्राव, ही जोडी ठरली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचे संशोधक त्याच काळात त्याच वाटेने चालले होते. निकेल-कॅडमिअम घट त्यांनी १८९९ मध्ये तयार केला होता आणि निकेल-लोखंडाचेही प्रयोग केले होते. दोघांमध्ये एकस्वावरून वाद झाला. एडिसन यांच्यामागे पैसा आणि प्रसिद्धी होती, युंगनर यांच्यामागे नव्हती. म्हणून युंगनर यांचे नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

कोणत्या प्रमाणात काय मिसळावे, हे सांगणारा सिद्धान्त त्या काळी हाताशी नव्हता. एडिसन यांच्याजवळ होती ती चिकाटी आणि साहाय्यकांची मोठी फळी. शेकडो छोटे घट ओळीने मांडलेले असत. प्रत्येकात काहीतरी वेगळे. दिवसरात्र ते भारित करायचे, रिकामे करायचे आणि नोंदी ठेवायच्या. झोप आली तर एडिसन तेथेच एखाद्या टेबलावर आडवे होत. या काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे, परंतु बहुतेक वेळा तो चुकून दिव्याच्या शोधाशी जोडला जातो. त्यांचे जुने सहकारी वॉल्टर मॅलरी एकदा त्यांना भेटावयास आले. तोपर्यंत हजारो प्रयोग झाले होते आणि हाती यश नव्हते. एवढ्या श्रमांतून काहीच निष्पन्न होऊ नये, याबद्दल मॅलरी यांनी हळहळ व्यक्त केली. त्यावर एडिसन हसले. निष्पन्न कसे झाले नाही, उपयोगी न पडणाऱ्या कित्येक हजार गोष्टी आता आपल्याला पक्क्या ठाऊक झाल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

१९०१ मध्ये त्यांनी विद्युतघटांची कंपनी स्थापन केली. १९०३ मध्ये घट बाजारात आला. त्याआधीच वर्तमानपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा झाला होता आणि त्याला खुद्द एडिसनच कारणीभूत होते. एखादी वस्तू पूर्ण सिद्ध होण्यापूर्वीच ती जगाला सांगून टाकण्याची त्यांची खोड जुनी होती. या वेळी ती महागात पडली. काही महिन्यांतच तक्रारी येऊ लागल्या. पोलादी डब्यांचे सांधे उसवून विद्राव झिरपत होता. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे अनेक घटांची क्षमता झपाट्याने कमी होत होती. ज्या घटाची ख्यातीच दीर्घायुष्याबद्दल व्हायची होती, तोच अकाली म्हातारा होऊ लागला.

या टप्प्यावर एडिसन यांनी जे केले ते त्यांच्या कोणत्याही शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते. विक्री चालू होती. ग्राहक अजूनही घट मागत होते. तरी १९०४ च्या अखेरीस त्यांनी कारखाना थांबवला. विकलेले सदोष घट परत घेतले, त्यांचे पैसे चुकते केले आणि ते पुन्हा प्रयोगशाळेत शिरले. हा खर्च भागवण्यासाठी फोनोग्राफ आणि अन्य उद्योगांतून मिळणारा पैसा खर्ची पडू लागला. घटाच्या एकूण कामावर दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली असे सांगतात.

दोष कोठे होता? निकेलचे संयुग विजेचे चांगले वाहक नाही. म्हणून त्यात ग्रॅफाइटचे कण मिसळले जात. वारंवार भारित होताना हे ग्रॅफाइट हळूहळू नष्ट होई. शिवाय निकेलचे द्रव्य फुगून सैल पडे. मग आतील द्रव्य आणि बाहेरील पोलाद यांचा संपर्क तुटे. घटात साठा असे, पण तो बाहेर येण्याची वाट बंद होई. यावर उपाय शोधण्यास आणखी पाच वर्षे लागली. ग्रॅफाइटच्या जागी त्यांनी शुद्ध निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे वापरायचे ठरवले. ते कसे बनवावेत? विद्युतविलेपनाने निकेलचा एक थर, त्यावर तांब्याचा एक थर, पुन्हा निकेल, पुन्हा तांबे, असे शंभराहून अधिक थर एकावर एक चढवायचे. त्या पत्र्याचे बारीक चौकोन कापायचे आणि रसायनाने तांबे विरघळवून टाकायचे. उरतात ते फुंकरीनेही उडतील असे निकेलचे पापुद्रे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, बारीक छिद्रे पाडलेल्या पोलादी नळीत निकेलचे संयुग आणि हे पापुद्रे आळीपाळीने शेकडो थरांत ठासून भरले जात. नळी फुगून फाटू नये म्हणून तिच्यावर पोलादी कडी चढवली जात. पिंपाला पट्टे घालतात, त्यातलाच प्रकार. विद्रावात थोडे लिथिअम हायड्रॉक्साइड मिसळले असता घटाची क्षमता वाढते आणि टिकते, हेही याच काळात आढळून आले. आज मोबाइल आणि लॅपटॉपच्या बॅटरीमुळे घरोघरी पोहोचलेले लिथिअम असे एका वेगळ्याच भूमिकेत एडिसन यांच्या घटात आले होते.

परीक्षाही तितक्याच कठोर. घट गाड्यांत बसवून मुद्दाम खडबडीत रस्त्यांवरून हजारो मैल हिंडवले गेले. एका यंत्रावर ठेवून त्यांना लक्षावधी वेळा उचलून आपटले गेले. पूर्वीची फजिती एडिसन विसरले नव्हते.

१९०९ मध्ये नवा घट सिद्ध झाला. तेव्हा एडिसन बासष्ट वर्षांचे होते. हा घट पूर्ण रिकामा केला तरी बिघडत नसे. जास्त भारित झाला तरी सोशी. महिनोन्‌महिने रिकामा पडून राहिला तरी पुन्हा कामाला लागे. शिशाच्या घटाला ज्या चुका प्राणघातक ठरत, त्या याला पचत. त्याची निगा फार नव्हती, परंतु जी होती ती काटेकोर होती. पाणी कमी झाले की ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून विद्राव काही वर्षांनी निस्तेज होतो, तेव्हा तो ओतून नवा भरायचा. आणि आम्लाच्या बॅटरीसाठी वापरलेले भांडे वा नळी या घटाजवळ कधीही न्यायची नाही, कारण आम्लाचा अंशही त्याचा घात करी.

आपल्या लॅपटॉपमधील लिथिअम-आयन बॅटरी मात्र या दोहोंहून निराळी असते. तिला पूर्ण रिकामे होणे मानवत नाही, तसेच सतत काठोकाठ भरलेले राहणेही मानवत नाही. उष्णता तर मुळीच नाही. दोन्ही टोके टाळून वापरली तर ती अधिक टिकते. एका जातीच्या घटाचा नियम दुसऱ्या जातीला लावू नये, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. बॅटरी प्रत्येक वेळी पूर्ण रिकामी करूनच भारित करावी, हा सल्ला आजही अनेकजण देतात. तो एडिसन यांच्या घटाला चालला असता, लॅपटॉपला नाही.

एडिसन यांच्या घटातही उणिवा होत्याच. शिशाच्या घटाचा दाब सुमारे दोन व्होल्ट, तर याचा सुमारे सव्वा. थंडीत तो मंदावत असे आणि नुसता ठेवला तरी हळूहळू रिकामा होई. भारित करताना बरीच वीज वाया जाई आणि हायड्रोजन वायू बाहेर पडे. किंमतही जास्त होती. तरीही १९१० नंतरच्या काही वर्षांत शहरांतील मालवाहू गाड्यांमध्ये आणि डेट्रॉइट इलेक्ट्रिकसारख्या मोटारींमध्ये तो बसवला जाऊ लागला.

परंतु काळ थांबला नव्हता. एडिसन कारखाना बंद करून दुरुस्तीत गुंतले होते, त्या वर्षांत पेट्रोलची मोटार सुधारत गेली. १९०८ मध्ये हेन्री फोर्ड यांची स्वस्त ‘मॉडेल टी’ आली. फोर्ड हे एकेकाळी एडिसन यांच्या नावाने चालणाऱ्या वीजकंपनीतच नोकरीस होते आणि एडिसन यांना गुरुस्थानी मानत. १८९६ मध्ये एका समारंभात पहिल्यांदा भेट झाली तेव्हा एडिसन यांनीच त्यांना पेट्रोलच्या गाडीचे काम सोडू नका, असे उत्तेजन दिले होते. दोघांची मैत्री पुढे फार दृढ झाली. फोर्ड यांनी घटाच्या कामासाठी एडिसन यांना मोठी रक्कमही उसनी दिली. १९१४ मध्ये दोघे मिळून विजेची स्वस्त मोटार काढणार अशी बातमी झळकली, पण ती मोटार बाजारात आलीच नाही. फोर्ड यांच्या पत्नी क्लारा मात्र त्या काळात विजेचीच मोटार चालवत.

१९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला. दांडा फिरवण्याचे कष्ट संपले आणि विजेच्या मोटारीची उरलीसुरली सरशीही संपली. त्या स्टार्टरला क्षणभरासाठी प्रचंड प्रवाह लागतो. तो देण्याचे काम शिशाची बॅटरी उत्तम करते. एडिसन यांचा घट तेथे कमी पडला. ज्या बॅटरीला हटवण्यासाठी त्यांनी दहा वर्षे झुंज दिली, तीच पेट्रोलच्या प्रत्येक मोटारीत जाऊन बसली.

त्यानंतर एक दुःखद प्रसंग घडला. शिशाच्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. हा धोका टाळावा म्हणून अमेरिकेच्या नौदलाने ‘ई-२’ या पाणबुडीत एडिसन यांचे घट बसवून पाहिले. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिन येथील गोदीत, घटांची चाचणी सुरू असताना, साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि त्यात काही कामगार मृत्युमुखी पडले. घटातून हायड्रोजन निघतो हे ठाऊक होते. वायुवीजन पुरेसे होते की नव्हते, यावर बराच वाद झाला. पाणबुडीतील प्रयोग तेथेच थांबला.

मोटार आणि पाणबुडी ही दोन्ही मोठी स्वप्ने हुकली, तरी घट वाया गेला नाही. रेल्वेचे सिग्नल, डब्यांतील दिवे, कारखान्यांतील आणि गोदींतील मालवाहू ढकलगाड्या, खाणकामगारांच्या टोपीवरील दिवे अशा ठिकाणी तो शांतपणे रुजला. खाणीत पूर्वी उघड्या ज्योतीचे दिवे असत आणि ज्वालाग्राही वायूचा भडका उडून माणसे मरत. कमरेला अडकवलेल्या घटावर चालणाऱ्या दिव्याने तो धोका पुष्कळ कमी केला. या साऱ्या ठिकाणी वजनापेक्षा किंवा वेगापेक्षा टिकाऊपणाला मोल होते. एडिसन यांच्या उतारवयात घटाचा हा धंदा त्यांच्या भरवशाच्या उद्योगांपैकी एक ठरला.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील राहत्या घरी एडिसन यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ एकस्वे होती आणि त्यांतील शंभराहून अधिक विद्युतघटांविषयीची होती. त्यांचा निकेल-लोखंडाचा घट त्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ तयार होत राहिला. १९७२ मध्ये हा व्यवसाय शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि १९७५ मध्ये अमेरिकेतील त्याचे उत्पादन थांबले. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांकडे आजही काही घट आहेत. जुना विद्राव ओतून टाकून नवा भरला की त्यांपैकी कित्येक पुन्हा वीज देऊ लागतात.